ब्रेड तुमच्याकडे जमतो, वाचकाकडे का नाही?

पत्र : मी १७ वर्षं वृत्तपत्रात आहे. आधी वार्ताहर होते, आता पुरवणी बघते. सहा वर्षांपासून घरी ब्रेड करते आणि ब्रेडवर ६० कृतींचं पुस्तक लिहायचं मनात आहे. लिहिणं हा माझा पेशाच, त्यामुळे त्याची धास्ती नाही. पण परवा दोन सहकारी मैत्रिणींना एक कृती करून बघायला दिली. एकीचा ब्रेड दगडासारखा झाला, दुसरीचा साच्याबाहेर ओघळला. माझा मात्र दर वेळी छान होतो. चुकतं कुणाचं? नोकरी आताच सोडावी का? आणि प्रकाशकाकडे काय घेऊन जायचं? कृती सोबत जोडली आहे.
– एक पत्रकार

उत्तर : चूक मैत्रिणींची नाही, कृतीची आहे. आणि तुमच्या तिन्ही प्रश्नांपैकी हाच सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून नोकरी आणि प्रकाशक थोडे बाजूला ठेवून आधी इथेच थांबू.

बातमी घडून गेलेल्या गोष्टीची असते. कृती अजून घडायच्या गोष्टीची असते, आणि तीही तुम्ही कधी पाहणार नाही अशा स्वयंपाकघरात. तुमच्या हाताला पिठाचा सैलपणा कळतो, तुमचा ओव्हन मागच्या कोपऱ्यात जास्त तापतो हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे कागदावर जे नाही ते तुम्ही नकळत भरून काढता. वाचकाकडे फक्त कागद असतो. बातमीत ‘हे कशावरून?’ असं वार्ताहराला विचारता ना, तोच प्रश्न आता स्वतःच्या कृतीच्या प्रत्येक ओळीला विचारायचा आहे.

तुमची कृती अशी आहे : ‘४ कप मैदा, दीड कप कोमट पाणी, २ चमचे यीस्ट, चवीपुरतं मीठ. मऊसर मळा. उबदार जागी तासभर, दुप्पट होईपर्यंत ठेवा. गरम ओव्हनमध्ये सोनेरी होईपर्यंत भाजा.’

पहिल्या तीन शब्दांतच दोन्ही ब्रेडचा निकाल लागला आहे. मैदा चमच्याने हलक्या हाताने भरला तर कपात साधारण १२० ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे चार कप मैदा कुणाकडे ४८० ग्रॅम, कुणाकडे ६००. पाणी दोघींकडे सारखंच, दीड कप, सुमारे ३६० ग्रॅम. ४८० ग्रॅम मैदा घेणारीच्या पिठात पाण्याचं प्रमाण मैद्याच्या ७५ टक्के, ६०० ग्रॅम घेणारीच्या पिठात ६० टक्के. ७५ टक्क्यांचं पीठ हाताला चिकटतं, पसरतं. ६० टक्क्यांचं घट्ट राहतं, उशिरा फुगतं आणि तासाभरात ओव्हनमध्ये गेलं की दगड होतं. दोघींनीही तुमचं ऐकलं होतं.

म्हणून पुस्तकात सगळं ग्रॅममध्ये, पाणीसुद्धा. वाचकाकडे वजनकाटा नसेल ही भीती सोडून द्या. प्रस्तावनेतच काटा घ्यायला सांगा आणि ठाम राहा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पीठ-पाण्याला पुरतो. यीस्ट तीन-चार ग्रॅमच लागतं आणि तिथे एका ग्रॅमची चूक म्हणजे चौथा-तिसरा हिस्सा चूक, म्हणून त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असावा. तो नसेल त्यांच्यासाठी चमच्याचं मापही द्या, पण नुसतं ‘चमचा’ लिहू नका. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात (५ मिली) इन्स्टंट यीस्ट सुमारे ३ ग्रॅम मावतं. मोठ्या चमच्यात (१५ मिली) त्याच्या तिप्पट.

यीस्टचा प्रकार तुम्ही लिहिलेलाच नाही. ताजं यीस्ट १० ग्रॅम, पाण्यात फुलवायचं सुकं यीस्ट ४ ग्रॅम आणि थेट पिठात मिसळायचं इन्स्टंट यीस्ट साधारण ३.३ ग्रॅम, यांची ताकद सारखी धरतात. प्रकार न लिहिता आकडा दिला तर वाचक तिप्पट चुकू शकतो.

आणि ‘चवीपुरतं मीठ’ हे भाजीच्या कृतीतलं वाक्य आहे. ब्रेडचं कच्चं पीठ चाखून कुणी मीठ ठरवत नाही. शिवाय मीठ इथे नुसत्या चवीसाठी नसतं. ते ग्लुटेनची, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनांची, जाळी घट्ट करतं आणि यीस्टचा वेग आवरतं. पिठाच्या वजनाच्या २ टक्के हे चांगलं माप आहे, म्हणजे ५०० ग्रॅम पिठाला १० ग्रॅम. मीठ विसरलेलं पीठ भराभर फुगतं, हाताला ढिलं लागतं आणि भाजल्यावर बेचव, फिकट होतं.

आता ‘कोमट पाणी’. इथे बहुतेक पुस्तकं फसतात. आपल्याला हवं असतं मळून झालेल्या गोळ्याचं तापमान, समजा २५ अंश सेल्सिअस. पाणी हा ते साधण्याचा एकमेव सोपा मार्ग, कारण खोली आणि पीठ आपल्या हातात नसतं. हिशेब असा : २५ गुणिले ३ म्हणजे ७५. त्यातून खोलीचं आणि पिठाचं तापमान वजा करा, उरेल ते पाण्याचं तापमान. खोली १८ आणि पीठ १८ असेल तर पाणी ३९ अंश, म्हणजे खरंच कोमट. पण खोली ३० आणि पीठ २९ असेल तर पाणी १६ अंश, म्हणजे चक्क गार! एकाच वाक्याने हिवाळ्यातल्या वाचकाला तारलं आणि उन्हाळ्यातल्याला बुडवलं. हाताने मळताना घर्षणाची उष्णता थोडीच असते, यंत्राने मळताना ती बरीच असते आणि प्रत्येक यंत्राची वेगळी. ती एकदा मोजून घ्यायला सांगा : गोळ्याच्या तापमानाची तिप्पट करून त्यातून खोली, पीठ आणि पाणी या तिघांची बेरीज वजा करायची. खोली २४, पीठ २४, पाणी २० आणि गोळा २७ निघाला, तर ८१ वजा ६८, म्हणजे १३. पुढच्या वेळी ७५ मधून हे १३ही वजा होतील आणि पाणी १४ अंश लागेल. हे अर्ध्या पानात बसतं आणि मला विचाराल तर दहा नव्या कृतींपेक्षा वाचकाच्या जास्त कामाचं आहे.

‘तासभर, दुप्पट होईपर्यंत’ या वाक्यात दोन वेगवेगळे हुकूम आहेत. तास झाला पण दुप्पट झालं नाही, तर वाचकाने कुणाचं ऐकायचं? यीस्टचा वेग घरगुती तापमानांच्या टप्प्यात दर ८-१० अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. १८ अंशांच्या खोलीत तासाचे दोन तास सहज होतात. म्हणून आधी खूण लिहा, मग वेळ, आणि वेळेसोबत तापमान. ‘दुप्पट’सुद्धा पसरट पातेल्यात डोळ्यांना कळत नाही. मळल्यावर लिंबाएवढा गोळा सरळ बाजूंच्या काचेच्या ग्लासात दाबून बसवायचा, पातळीला रबरबँड लावायचा आणि ग्लास मोठ्या गोळ्याशेजारीच ठेवायचा. साच्यात घातल्यानंतरची खूण बोटाची : पीठ लावलेलं बोट सेंटिमीटरभर दाबायचं. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश भरत आला आणि थोडा राहिला तर ओव्हनमध्ये घाला. तसाच राहिला तर उशीर झाला.

ओव्हनबद्दल मोजकंच. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत १०-२० अंशांचा फरक पडणं नेहमीचं आहे, म्हणून आत ठेवायचा थर्मामीटर वाचकाच्या सामानाच्या यादीत हवा. ब्रेड झाला की नाही हे रंगावर सोडू नका. साच्यातल्या साध्या ब्रेडच्या मध्यभागी ९४ ते ९६ अंश भरले की तो झाला. इथे एक बारकावा, जो मैदानी प्रदेशात बसून लिहिणाऱ्याच्या लक्षातच येत नाही : १५०० मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तिथला वाचक ९६ची वाट बघत ब्रेड सुकवत बसेल. उंचावरच्यांसाठी ‘तुमच्याकडे पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या ३-४ अंश खाली’ असं लिहा. कमी हवेच्या दाबामुळे पीठही तिथे लवकर फुगतं, हेही त्याच ओळीत सांगून टाका.

तर तुमचीच कृती, पुन्हा :

‘एक लोफ, भाजल्यावर सुमारे ७५० ग्रॅम. साचा २३ × १३ सेंमी. सुरुवातीपासून ब्रेड कापेपर्यंत साडेपाच तास, त्यात हाताचं काम ३० मिनिटं. मैदा ५०० ग्रॅम (१०० टक्के, पाकिटावर प्रथिनं ११-१२ टक्के), पाणी ३३० ग्रॅम (६६ टक्के), मीठ १० ग्रॅम (२ टक्के), इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम (०.८ टक्के). पाण्याचं तापमान वरच्या हिशेबाने काढा. सगळं एकत्र करून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत मिसळा, झाकून २० मिनिटं ठेवा. मग १० मिनिटं हाताने मळा. लहान तुकडा ताणला तर न फाटता उजेड आरपार दिसेल इतका पातळ व्हायला हवा. झाकून २५ अंशांच्या आसपास ठेवा. ग्लासातली पातळी दुप्पट झाली की, साधारण ७५ ते ९० मिनिटांनी, हलकं दाबून गुंडाळी करा आणि तेल लावलेल्या साच्यात जोड खाली करून ठेवा. मधला भाग साच्याच्या कडेवर २ सेंमी आला आणि बोटाची खूण पटली की, ४५ ते ६० मिनिटांनी, आधीच अर्धा तास तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर मध्यभागी ९४-९६ अंश भरेपर्यंत, साधारण ३५-४० मिनिटं, भाजा. साच्यातून लगेच काढून जाळीवर ठेवा. दीड तास कापू नका.’

हे तुमच्या आधीच्या कृतीच्या कितीतरी पट लांब आहे, आणि लांबच हवं. पुरवणीत शब्द कापायची सवय इथे मोडावी लागेल. शेवटचं ‘कापू नका’सुद्धा कारणासकट द्या : बाहेर काढलेल्या ब्रेडमधला स्टार्च थंड होताना बसतो आणि आतला ओलावा सारखा पसरतो. गरम कापला की सुरीला चिकट गोळा लागतो, आणि वाचक समजतो की भाजायचा राहिला.

कंसातल्या टक्केवारीला बेकर्स पर्सेंटेज म्हणतात. पीठ नेहमी १००, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. वाचकाला दुप्पट-निम्मं करायला ती उपयोगी आहेच, पण तुम्हाला त्याहून जास्त. मुद्रितशोधनाच्या वेळी १० ग्रॅमचं १०० ग्रॅम मीठ झालं असेल तर शेजारचे २ टक्के ओरडून सांगतील. सावरडोच्या, म्हणजे विकतच्या यीस्टऐवजी आंबवलेल्या पीठ-पाण्याने (स्टार्टरने) फुगवलेल्या ब्रेडच्या कृतींत मात्र जपा. ५०० ग्रॅम पीठ, ३५० ग्रॅम पाणी आणि निम्मं पीठ-निम्मं पाणी असलेला १०० ग्रॅम स्टार्टर घेतला तर पाणी ७० टक्के नाही. स्टार्टरमधलं ५०-५० धरून पीठ ५५० आणि पाणी ४००, म्हणजे जवळपास ७३ टक्के होतं. दोन्हींपैकी कोणता हिशेब वापरणार ते पुस्तकाच्या सुरुवातीला एकदा सांगा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

पडताळणीबद्दल. एक कृती तुम्ही स्वतः किमान तीनदा करायची, दर वेळी छापील कागद समोर ठेवून, आठवणीतून नाही. तिसऱ्या वेळी मुद्दाम दुसऱ्या ब्रँडचं पीठ. मग ती तीन बाहेरच्या माणसांकडे जाईल : एक नियमित ब्रेड करणारा, एक चांगला स्वयंपाक करणारा पण ब्रेड कधीच न केलेला, आणि एक लहान ओव्हनवाला. त्यांनी मध्येच तुम्हाला फोन केला तर उत्तर देऊ नका. कुठल्या ओळीवर अडलात एवढंच लिहून ठेवायला सांगा. खोलीचं तापमान, पिठातली प्रथिनं, प्रत्येक टप्प्याला लागलेला खरा वेळ, फुगलेल्या पिठाचा फोटो आणि कापलेल्या कापाचा फोटो मागवा. आणि एक प्रश्न कधीही वगळू नका : कोणतं वाक्य दोनदा वाचावं लागलं? ‘छान झाला’ हा अभिप्राय बाजूला ठेवा. मुलाखतीत गुळगुळीत उत्तरामागचं खरं उत्तर काढायची तुमची हातोटी इथे सोन्यासारखी आहे.

आता गणित बघा. ६० कृती गुणिले ३ म्हणजे १८० वेळा भाजणं. नोकरी सांभाळून आठवड्याला तीन झाले तर ६० आठवडे, फोटो आणि फसलेले प्रयत्न सोडून. म्हणून ६० चा आग्रह सोडा. आठ पायाभूत पिठं घ्या, प्रत्येकाची पाच रूपं, अशा ४० कृती पुष्कळ झाल्या. ४० आठवड्यांत स्वतःची पडताळणी पुरी होते. राहिलेली पानं फसलेल्या ब्रेडना द्या. मुद्दाम बिघडवून भाजा आणि काप शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा. कमी फुगलेला : खाली गच्च, वर मोठी भोकं, बाजू फाटलेल्या. जास्त फुगलेला : वरून सपाट किंवा बसलेला आणि रंगाने फिका, कारण रंग आणणारी साखर यीस्टने आधीच खाल्लेली असते. तळाशी चिकट पट्टा : भाजणं अपुरं. वाचक पुस्तक पुन्हा उघडतो ते ब्रेड बिघडल्यावर, आणि तेव्हा त्याला हे पान सापडायला हवं.

कृतीच्या आधीचा परिच्छेद तुम्ही सुरेख लिहाल यात शंका नाही, पण तो काम करणारा असू द्या. ब्रेड सकाळी हवा असेल तर सुरुवात कधी करायची, मध्ये किती वेळ घराबाहेर जाता येईल, कुठल्या टप्प्यावर पीठ फ्रिजमध्ये ठेवता येईल. आणि शब्दांची एक वही करा. एकदा ‘फुगणं’ म्हटलं की पुढे ‘आंबणं’, ‘वर येणं’ असे पर्याय नकोत. बातमीत शब्दाची पुनरुक्ती खटकते, कृतीत तिचा आधार वाटतो. शब्द बदलला की वाचकाला वाटतं, क्रियाही बदलली.

नोकरी आताच सोडू नका. प्रकाशक आगाऊ मानधन देतो तिथेही ते बहुधा हप्त्यांनी येतं : करारावर सही झाल्यावर, संहिता दिल्यावर, पुस्तक निघाल्यावर. त्यावर महिन्याचा खर्च चालत नाही. करार झाल्यावर शेवटच्या तीन-चार महिन्यांसाठी बिनपगारी रजा किंवा कमी तास मागणं जास्त शहाणपणाचं. त्याआधी नेमणुकीचा करार काढून वाचा. नोकरीत असताना तुम्ही पुरवणीत छापलेल्या मजकुराचे हक्क कदाचित संस्थेकडे असतील. ते असतील तर तो मजकूर पुस्तकात घ्यायला लेखी परवानगी लागेल. संपादकांना पुस्तकाबद्दल लेखी कळवा. आणि पीठ, ओव्हन, यंत्रं बनवणाऱ्यांकडून फुकट वस्तू घेऊ नका, घेतली तर पुस्तकात तसं छापा. पत्रकार म्हणून कमावलेला विश्वास हेच तुमचं भांडवल आहे.

प्रकाशकाकडे पूर्ण पुस्तक नेऊ नका. पुस्तक कशाबद्दल आणि कुणासाठी याचं एक पान, बाजारातल्या तशाच चार-पाच पुस्तकांत काय नाही याचं एक पान, अनुक्रमणिका, एक पूर्ण प्रकरण आणि पडताळणी झालेल्या पाच कृती, फोटोंसह. पडताळणीचे भरलेले तक्तेही जोडा. तिथे तुम्ही इतरांपासून वेगळ्या दिसाल. करारात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात : फोटोंचा खर्च कुणाचा, साहित्याचा खर्च कुणाचा, भाषांतराचे आणि डिजिटल हक्क कुणाकडे, पुस्तकाची छपाई बंद झाली तर हक्क परत कधी मिळणार, आणि पानांची मांडणी झाल्यावर आकडे तपासायला तुम्हाला किती दिवस. यातल्या शेवटच्या गोष्टीवर अडून बसा, दोन आठवड्यांपेक्षा कमी मान्य करू नका.

दुसऱ्याच्या कृतीबद्दल एक समज फार पसरलेला आहे, की तीन घटक बदलले की कृती आपली. तसा कुठलाही नियम नाही. अनेक देशांत नुसत्या घटकांच्या यादीला स्वामित्वहक्काचं संरक्षण मिळत नाही, पण समजावण्याच्या शब्दांना मिळतं. शब्द पूर्णपणे तुमचे हवेत, आणि कृती जिथून शिकलात त्याचं नाव मोकळेपणाने द्या. बातमीचा स्रोत सांगताना लाजत नाही, तसंच.

या आठवड्यात एवढं करा : एक थर्मामीटर आणि ०.१ ग्रॅमचा काटा आणा, वर दिलेली कृती स्वतः एकदा करा, लागले ते वेळ तिच्यात दुरुस्त करा आणि त्याच दोघी मैत्रिणींना पुन्हा द्या. शनिवारी त्यांचा फोन आला तर फक्त विचारा, ‘कुठल्या ओळीवर?’ त्यांची उत्तरं आणि दोन्ही कापांचे फोटो आले की दुसरी कृती घ्या.